विद्यार्थ्याच्या उत्तराचं पुढे काय होतं?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शिक्षक प्रशिक्षणावर वर्तमानपत्रांत जे लिहून येतं त्यात अभ्यासक्रम किती वर्षांचा असावा, प्रवेश कसे व्हावेत, पुढे नोकऱ्या आहेत का, हेच विषय जास्त असतात. ते महत्त्वाचे आहेतच. पण इतिहास, भूगोल, भाषा, चित्रकला हे विषय चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना शिकवायचे म्हणजे वर्गात उभं राहून नेमकं काय करायचं, आणि ते प्रशिक्षणात शिकवलं जातं का, याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. मी माध्यमिक शाळेत इतिहास-भूगोल शिकवत असे. निवृत्तीनंतरही सरावपाठांचं, म्हणजे शिक्षक होऊ पाहणारे छात्राध्यापक शाळेत जे पाठ घेतात त्यांचं, निरीक्षण करायला बोलावणं येतं. शेवटच्या बाकावर बसून जे दिसतं त्यावरून हे पत्र लिहिते आहे.

गेल्या सत्रातला एक पाठ सांगते. विषय भूगोल, घटक नकाशावाचन. छात्राध्यापिकेने उदाहरण छान निवडलं होतं: १८५४ साली लंडनच्या सोहो भागात आलेली पटकीची (कॉलऱ्याची) साथ. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरं नकाशावर मांडली, ती ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेली दिसली, पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली. तक्ता मोठा आणि रंगीत होता, आवाज खणखणीत होता. तिने विचारलं, "साथ कशामुळे थांबली?" तिसऱ्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "लोक घाबरून पळून गेले असतील ना बाई, मग ते पाणी प्यायला उरलंच कोण?" वर्ग हसला. "तू नीट ऐकलं नाहीस. बस. दुसरं कोण सांगेल?" दुसऱ्याने 'दांडा काढल्यामुळे' असं सांगितलं. त्याला शाबासकी मिळाली आणि पाठ पुढे सरकला.

आता गंमत अशी, की पहिली मुलगी बरोबर होती, निदान बरीचशी. साथ भडकली ३१ ऑगस्टला आणि दांडा निघाला ८ सप्टेंबरला. तोवर वस्तीतली पुष्कळ माणसं घरं सोडून गेली होती आणि मृत्यूंचा आकडा उतरणीला लागला होता. खुद्द स्नो यांनीच हे लिहून ठेवलं आहे. पाणी बंद होण्याआधीच रुग्ण इतके घटले होते, की विहिरीत तेव्हा रोगाचं विष शिल्लक होतं की नव्हतं हे ठरवता येत नाही, असं ते प्रामाणिकपणे म्हणतात. नकाशाचीही तीच कथा. तो त्यांनी मागाहून काढला. पंपावर संशय आधीच होता आणि तो पक्का झाला घरोघर केलेल्या चौकशीतून. शेजारच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार वाचले, कारण ते पंपाचं पाणी पीतच नव्हते. जवळच्याच एका आश्रयगृहात पाचशेवर गरीब माणसं राहत होती, तिथे मृत्यू झाले अवघे पाच. त्या इमारतीला स्वतःची विहीर होती. नकाशावर ठिपके जिथे हवे होते तिथे ते नाहीत, आणि स्नो यांच्या म्हणण्याला खरं बळ मिळालं ते या मोकळ्या जागांमुळे. "बरं, पळून न जाता पंपाशेजारीच राहिलेले हे लोक कसे वाचले?" एवढा एकच प्रश्न त्या मुलीच्या उत्तराला जोडला असता, तर नकाशावाचनाचा तास खऱ्या अर्थाने तिथे सुरू झाला असता.

पाठानंतर मी छात्राध्यापिकेला हे सांगितलं. तिने मन लावून ऐकलं, वहीत उतरवून घेतलं आणि मग म्हणाली, "पण मॅडम, टाचणात तसं उत्तर नव्हतं."

तिला काय दोष देणार? पाठ टाचणाला, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्याला, दोन रकाने असतात: अध्यापक कृती आणि विद्यार्थी कृती. म्हणजे मुलं काय बोलणार हे आदल्या रात्री घरी बसून लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी वर्गाकडून ते वदवून घ्यायचं. प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, उपयोजन या पायऱ्या जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या परंपरेतून आल्या आहेत आणि पाठाला आकार द्यायला त्या वाईट नाहीत. पण उत्तर काय येणार हे ठरलेलं असेल तर प्रश्न विचारायचा कशाला? मुलांनाही हे पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच ती बाईंच्या चेहऱ्याकडे बघून उत्तरं देतात.

सूक्ष्म अध्यापनाचंही, म्हणजे एकेका कौशल्याच्या सरावासाठी घेतलेल्या काही मिनिटांच्या छोट्या पाठाचंही, तेच. १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत पुढे आली. आपल्याकडे तिचं छत्तीस मिनिटांचं चक्र झालं: सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय), बारा मिनिटं पुनर्नियोजन, पुन्हा सहा आणि सहा. नवख्या माणसाचं पाठांतर सुटावं, हात थरथरायचे थांबावेत, यासाठी ती उपयोगी आहे. पण तिथे समोर विद्यार्थी म्हणून बसलेले असतात आपलेच वर्गमित्र. ते झटपट आणि बरोबर उत्तरं देतात, कारण उद्या त्यांची पाळी असते. प्रश्न कौशल्य, प्रबलन (उत्तराला प्रोत्साहन देण्याचं) कौशल्य, फलकलेखन, सगळ्यांचा सराव होतो. अनपेक्षित उत्तराचा होत नाही, कारण तसं उत्तर तिथे कुणी देतच नाही.

हे गणित-विज्ञानाच्या शिक्षकालाही लागू आहे, असं कुणी म्हणेल. आहेच. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने विज्ञानाच्याच वर्गांत मोजमाप केलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदभर थांबत. ते तीन सेकंद थांबू लागले तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, गप्प बसणारी मुलं कमी झाली, न विचारताही मुलं बोलू लागली. विज्ञानात निदान प्रयोगाचं उपकरण शिक्षकाच्या मदतीला असतं. मुलाचं म्हणणं चुकलं तर परीक्षानळी ते दाखवून देते. इतिहासात, कवितेत, चित्रात तसा तिसरा पंच नसतो. तिथे मुलाने काय म्हटलं, ते कशाच्या आधारावर म्हटलं आणि तो आधार पुरेसा आहे का, याची छाननी वर्गात बोलूनच करावी लागते. ही छाननी म्हणजेच तो विषय. ती वगळली की सनावळी आणि शब्दार्थ उरतात.

विषयाची पदवी आहे म्हणजे हे आपोआप येतं, हा समज बाळबोध आहे. सॅम वाइनबर्ग या अमेरिकी संशोधकांनी १९९१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या १७७५ च्या लेक्सिंग्टनच्या चकमकीबद्दलची कागदपत्रं त्यांनी इतिहासकारांना आणि शाळेतल्या हुशार मुलांना दिली आणि वाचता वाचता मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितलं. इतिहासकारांतले काही त्या कालखंडाचे तज्ज्ञही नव्हते. तरी त्यांनी आधी पाहिलं, हा कागद कुणी लिहिला, कधी, कशासाठी. मुलांनी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं आणि माहिती गोळा केली. मला भेटलेले बहुतेक छात्राध्यापक, इतिहासाचे पदवीधर असूनही, त्या मुलांसारखेच वाचतात. प्रशिक्षणातला आशययुक्त अध्यापन पद्धतीचा, म्हणजे विषयाचा आशय आणि तो शिकवण्याची पद्धत यांची सांगड घालणारा, पेपर याच उणिवेसाठी आहे. प्रत्यक्षात त्यात पाठ्यपुस्तकातल्या घटकाचं विश्लेषण करून तथ्यं, संकल्पना, सामान्यीकरणं यांच्या याद्या करायच्या असतात. याद्या सुबक होतात. मूळ साधनाचा एखादा उतारा हातात घेऊन त्याच्याशी झगडल्याचं मात्र फारसं कुणी सांगत नाही.

आणि नुसत्या व्याख्यानाने हे बदलणार नाही. डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये हिशेब मांडला होता, की शाळा संपेपर्यंत मुलाचे सुमारे १३,००० तास शिक्षकांच्या सहवासात जातात. शिक्षक होऊ पाहणारा माणूस इतकी दीर्घ उमेदवारी आधीच करून आलेला असतो. आपल्या शिक्षकांनी जसं 'छान, बस' म्हटलं तसंच तो म्हणतो. ती सवय मोडायची तर दुसरी सवय हाताला लावावी लागेल, आणि त्यासाठी खऱ्या मुलांची खरी उत्तरं समोर हवीत.

यात सगळ्यांत दुर्लक्षित आहे तो कलाशिक्षक. त्याचा हात तयार असतो, रेखाटन उत्तम असतं. पण मुलांबरोबर एखादं चित्र बघत बसायचं आणि त्याबद्दल बोलायचं, हे त्याला कुणी करून दाखवलेलं नसतं. मग मुलांच्या चित्रांवर 'छान', 'रंग नीट भर', 'प्रमाण चुकलं' यापलीकडे शेरा जात नाही. ॲबिगेल हाउसन आणि फिलिप येनवाइन यांनी चित्रवाचनाची जी पद्धत बसवली तिच्यात शिक्षकाने विचारायचे प्रश्न तीनच आहेत. या चित्रात काय चाललंय? असं म्हणायला तुला चित्रात काय दिसलं? आणखी काय सापडतंय? मधल्या प्रश्नाला माझ्या लेखी फार मोल आहे. तो प्रश्न कवितेलाही चालतो, जुन्या पत्रालाही चालतो आणि पटकीच्या नकाशालाही. तो विचारणं सोपं आहे. त्यानंतर चाळीस मुलांतल्या एकाचं अडखळत आलेलं उत्तर पुरतं ऐकून घेणं, ते त्याच्याच शब्दांत वर्गापुढे मांडणं आणि दुसऱ्या उत्तराशी त्याची गाठ घालून देणं, हे सरावाशिवाय जमत नाही.

म्हणून मला सुचवावंसं वाटतं, की छात्राध्यापकाने पहिला सरावपाठ घेण्याआधी मुलांच्या उत्तरपत्रिका वाचाव्यात. गठ्ठाभर नको, एकाच दीर्घोत्तरी प्रश्नाची पंधरा-वीस उत्तरं पुरेत. चार-पाच जणांनी ती वेगवेगळी तपासावीत आणि मग एकत्र बसून भांडावं: तू याला पाचपैकी चार का दिलेस, मी दोन का दिले. स्टार्च आणि इलियट या अमेरिकी संशोधकांनी १९१२ साली इंग्रजीच्या त्याच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांकडे पाठवल्या, तेव्हा गुणांत तीसहून अधिकची तफावत आली होती. (पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीचा पेपर पाठवला, तर तफावत आणखी वाढली! गणिताच्या शिक्षकांनी हे कात्रण आपल्याजवळ ठेवावं.) गुणांवरून होणाऱ्या या भांडणात चांगलं उत्तर कशाला म्हणायचं हे जितकं स्पष्ट होतं, तितकं मूल्यमापनाच्या तासिकेत होत नाही. शिवाय मुलं कुठे अडखळतात, कोणत्या गैरसमजातून बोलतात, याचा साठा हाताशी येतो. तो घेऊन टाचण लिहायला बसलं तर 'विद्यार्थी कृती'च्या रकान्यात एकाच आदर्श उत्तराऐवजी तीन-चार संभाव्य उत्तरं येतील आणि प्रत्येकाच्या पुढे शिक्षकाने काय विचारायचं तेही येईल.

सरावपाठ सुटे नसावेत, ही दुसरी गोष्ट. आज नववीला एक पाठ, परवा आठवीला दुसरा, असं फिरत राहिलं तर कालच्या उत्तराचं आज काही करायची वेळच येत नाही. एका वर्गावर एक पूर्ण घटक सलग शिकवायला मिळाला तर सोमवारी निसटलेलं उत्तर मंगळवारी पुन्हा हातात घेता येतं. आणि निरीक्षक त्या विषयाचा असावा. कवितेचा पाठ रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी बघायचा आणि 'फळ्यावरचं अक्षर सुवाच्य' असा शेरा द्यायचा, हे मी अनेकदा पाहिलं आहे. त्यांचाही इलाज नसतो. वेळापत्रकात त्यांचंच नाव पडलेलं असतं.

पोर्शन कसा संपणार, ही शंका शाळांकडून हमखास येते. ती खरी आहे. प्रत्येक तासाला अशी चर्चा होणार नाही, होऊही नये; पुष्कळ गोष्टी सरळ सांगूनच शिकवाव्या लागतात, आणि नीट सांगता येणं हेही कौशल्यच आहे. पण कुठे सांगायचं आणि कुठे थांबायचं याची निवड शिक्षकाला करता यायला हवी. ज्याला थांबणं शिकवलेलंच नाही तो निवड काय करणार? तक्ते रंगवण्यात जाणाऱ्या रात्रींपैकी काही वाचवल्या तरी उत्तरपत्रिकांपुरता वेळ निघेल.

जपानमध्ये शिक्षक एकमेकांचे पाठ बघायला बसतात तेव्हा त्यांची नजर मुख्यतः मुलांवर असते. कोण काय बोललं, वहीत काय लिहिलं, कुठे अडलं, याच्या नोंदी होतात आणि नंतरची चर्चा त्या नोंदींवर चालते. आपल्या निरीक्षण वहीत आवाज, देहबोली, फलकलेखन, साधनांचा वापर, वर्ग नियंत्रण, या सगळ्यांना रकाने आहेत. विद्यार्थी काय म्हणाला आणि त्यावर शिक्षकाने काय केलं, याला एकही नाही. पुढच्या सत्राच्या वह्या छपाईला जाण्याआधी तो एक रकाना वाढवता येईल. त्यासाठी नवी समितीही नेमावी लागणार नाही.

कळावे,
आपली,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षिका