दोन खोल्या, दोन मुली

सोलापूर,
१८ मे

प्रिय सखे,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. जूनमध्ये तुम्ही इकडे राहायला येताय हे वाचून फार आनंद झाला. टॉवेलच्या कारखान्यातला आठवड्याचा पगार, भाड्याच्या दोन खोल्या आणि दोन मुली, यात भागेल का असं तू विचारलंस. भागेल. पण खरं दुखणं पत्राच्या शेवटच्या चार ओळींत आहे. धाकटी म्हणते, ‘मला सगळं ताईचंच का?’ आणि थोरली म्हणते, ‘मीच का नेहमी समजून घ्यायचं?’ दोघींचंही म्हणणं बरोबर आहे. तू दोघींना सगळं सारखं द्यायला धडपडतेस आणि तिथेच ओढाताण होते. नऊ वर्षांच्या मुलीला लागतं ते वेगळं, पाच वर्षांच्या मुलीला लागतं ते वेगळं. धाकटीला थोडं तरी पहिल्या हाताचं हवं असतं आणि थोरलीला ताईपणातून थोडी सुट्टी.

आधी कपड्यांचं घेऊ, कारण शाळा बदलणार म्हणजे गणवेश दोघींनाही नवेच लागणार. शिवून घेणार असशील तर सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच शिंप्याकडे दे. न भिजवता शिवलेला स्कर्ट पहिल्या धुण्यातच आखूड होतो आणि ठेवलेली वाढीची दुमड तिथेच खर्ची पडते. खाली तीन इंच दुमड ठेवायला सांग, दोन्ही बाजूंच्या शिवणीत एकेक इंच. एवढ्यात साधारण दोन वर्षं निघतात. दुमड मात्र मशीनवर घालू नकोस, हातानं सैल टाके घाल. टेरिकॉटवर मशीनच्या सुईची भोकं राहतात. दुमड सोडली की त्यांची रांग दिसते, आणि ‘हिचा स्कर्ट जुना’ हे वर्गात कुणी न सांगता कळतं. घडीवर कडक इस्त्रीही नको.

थोरलीच्या अंगाबाहेर गेलेले फ्रॉक धाकटीला घालावेच लागतील, त्यात वाईट काही नाही. फक्त ते नीट बेतून दे. घाईत सगळ्या जणी बगलेखालची शिवण आत घेतात आणि थांबतात. मग खांदा दंडावर उतरतो, मुंढा लोंबतो आणि पोर दिवसभर बाही वर ओढत बसते. खांद्यापासून सुरुवात कर. खांदा बेत, मग मुंढा, मग बाजू आणि सगळ्यात शेवटी उंची. सोडलेल्या दुमडीची पांढरी रेघ नागमोडी लेसखाली झाकते. ती लेस आणि बटणं धाकटीलाच निवडू दे. नवी पेठेत नाहीतर फलटण गल्लीत तिला घेऊन जा आणि दुकानात तिनं कितीही वेळ लावला तरी घाई करू नकोस. अर्ध्या मीटर लेसची किंमत काही फार नसते, पण तो फ्रॉक मग ताईचा राहत नाही.

चपला-बूट मात्र कधीही खाली उतरवू नकोस. वापरलेल्या बुटाला पहिल्या पायाचा आकार आलेला असतो, टाच एका बाजूनं झिजलेली असते आणि दुसऱ्या पोरीचं पाऊल तिथे तिरकं पडतं. हा खर्च धाकटीसाठी दरवर्षी धरूनच ठेव.

पैशांचं एक काम मात्र आल्याआल्या कर. थोरलीला दहावं वर्ष लागलंय. सुकन्या समृद्धी, म्हणजे मुलीच्या नावचं सरकारी बचत खातं, तिला दहा पूर्ण व्हायच्या आतच उघडता येतं, नंतर नाही. एका घरात दोन मुलींची दोन खाती चालतात. जन्मदाखले आणि सगळ्यांची आधार कार्डं हाताशी येतील अशी बांध, टेम्पोतल्या सामानात टाकू नकोस. वर्षाला किमान २५० रुपये भरावे लागतात. एखादं वर्ष चुकलं तर ५० रुपये दंड भरून खातं पुन्हा चालू होतं. भरणा १५ वर्षं करायचा, मुदत खातं उघडल्यापासून २१ वर्षांची.

इथे नीट लक्ष दे, कारण सारखेपणाची गफलत नेमकी इथे होते. समज, दोघींच्या नावे महिना ३०० भरलेस. थोरली अठराची होईपर्यंत जवळपास नऊ वर्षं मिळतात, म्हणजे १०८ हप्ते, ३२,४०० रुपये. धाकटीला तेरा वर्षं मिळतात, म्हणजे १५६ हप्ते, ४६,८०० रुपये, आणि व्याजही जास्त वर्षांचं. हप्ता सारखा, पण कॉलेजच्या दारात उभी राहताना थोरलीची झोळी हलकी. तिच्या नावे ४५० भरलेस तर ४८,६०० होतात आणि धाकटीला मिळालेल्या जादा व्याजाशी थोडाफार मेळ बसतो. शिवाय थोरलीचं खातं आता उघडलं तर मुदत संपेपर्यंत ती तिशीत असेल. त्यामुळे तिला खरा उपयोग मधल्या रकमेचा. दहावी झाल्यावर किंवा अठरा पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी मागच्या वर्षअखेरच्या शिल्लकेतली ५० टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते. हा हिशेब दोघींना समोर बसवून वहीत मांडून दाखव. ताईला जास्त का, हे धाकटीला आज कळणार नाही, पण वही राहील.

शाळा निवडताना आणखी एक बघ. आठवीत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. त्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि शाळा सरकारी, पालिकेची किंवा अनुदानित हवी. विनाअनुदानित शाळेतल्या मुलीला ती परीक्षा देता येत नाही. ही चौकशी आठवीत नव्हे, आत्ता प्रवेश घेताना करायची.

आता पाणी. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या अंतरानं येतं, आणि घरमालकानं काहीही सांगितलं तरी पाच दिवसांची तयारी ठेव. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं चौघांना दिवसाला २० लिटर धरलं तर १०० लिटर झाकणाच्या भांड्यांत हवं. वापरायला २०० लिटरचे दोन ड्रम, म्हणजे दिवसाला ८० लिटर. भरलेली घागर दहा-बारा किलोंची होते. ती थोरलीच्या कमरेवर देऊ नकोस, ‘आमच्या वेळी आम्ही भरायचो’ असं कुणीही म्हणो. तिच्या हाती पाइप दे, धाकटीकडे तांबे आणि बाटल्या. ड्रम दर सात दिवसांनी रिकामा करून आतून घासायचा. डेंग्यूच्या डासाला अंड्यातून उडायला आठ-दहा दिवस लागतात आणि त्याची अंडी ड्रमच्या कडेला चिकटलेली असतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर ती तिथेच राहतात.

थोरलीच्या सुट्टीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुझ्या पत्रात धाकटीचं रडणं होतं आणि थोरलीचं एकच वाक्य होतं. शांत पोरीकडे घराचं काम आपोआप सरकतं. तू भाकरी टाकत असताना तिनं वीस मिनिटं बहिणीकडे बघणं ठीक आहे. तू बाजारात असताना दोन तास बघणं ठीक नाही, तिथे शेजारच्या मावशींना सांग. ‘ताई आहेस ना’ हे शब्द महिनाभर बंद ठेवून बघ. भांडण झालं तर वय न बघता वस्तू कुणाची ते बघ. म्हणून दोघींना एकेक पत्र्याची छोटी पेटी घे, कडी-कुलपाची. दोन खोल्यांत स्वतःची खोली मिळत नाही, पण कुलूप मिळू शकतं. पेटीत काय आहे हे तूही विचारू नकोस. पुढे तीन-चार वर्षांत थोरलीला त्या पेटीची गरज वेगळ्या कारणानं लागेल, तेव्हा ती आधीपासूनची सवयीची असेल. खाऊ वाटताना वाटणारीनं शेवटी उचलायचं, आणि वाटायची पाळी एक दिवस हिची, एक दिवस तिची.

एका उशीवर झोपणाऱ्या बहिणींत उवा येतातच. जिच्या डोक्यात दिसल्या तिलाच औषध लावलं की आठवड्यात त्या पुन्हा हजर. दोघींना एकाच दिवशी लाव, तूही लाव, आणि नवव्या दिवशी पुन्हा. लिखा सात ते दहा दिवसांत फुटतात आणि औषधानं त्या सगळ्या मरत नाहीत. अभ्रे गरम पाण्यात बुडवून इथल्या उन्हात टाक. फण्या वेगळ्या ठेव.

अंथरुणाला जुन्या साड्या असतील तितक्या आण, इथे वाकळ शिवून घेऊ. पांघरायला सोलापुरी चादर एकच पुरेल असं वाटेल, पण मध्यरात्री ओढाताण होते. दोन घे. ती दोन्ही बाजूंनी वापरता येते आणि उलट्या बाजूला रंगांची अदलाबदल असते, तेव्हा एकाच जातीच्या दोन चादरींत एक सुलटी, एक उलटी, आपापली ओळखू येते. पहिल्या दोन-तीन धुण्यांत रंग सुटतो, वेगळी धुवायची. उन्हाळ्यात बहुतेक जण माळवदावर किंवा गच्चीवर झोपतात. कठडा नसेल तर मुलींना घेऊन वर जाऊ नकोस.

डब्याला शेंगाचटणी कर. पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं भाज, पूर्ण गार होऊ दे. पंधरा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं आणि मीठ घालून खलबत्त्यात कूट. मिक्सर असेल तर थांबत थांबत फिरव, सलग फिरवलास तर लगदा होतो. तेल सुटू लागलं की धाकटीचा वाटा आधी काढून ठेव आणि मगच उरलेल्यात दोन-तीन चमचे लाल तिखट घालून पुन्हा कूट. एकाच कुटण्यात दोघींच्या डब्यांचं होतं. सोबत कडक भाकरी, ती बरेच दिवस टिकते.

गल्लीत तेलुगू आणि कन्नड कानावर पडेल. चार महिन्यांत धाकटी ताईला ‘अक्का’ म्हणू लागेल, बोलू दे. नारळी पौर्णिमेला इथे मार्कंडेय महर्षींचा रथ निघतो, पद्मशाली समाजाचा तो मोठा दिवस. त्याच दिवशी कुणीतरी ‘पोरींना भाऊ नाही’ असं म्हणेलच. सकाळीच दोघींना एकमेकींना राखी बांधायला लाव, भावजींनी दोघींच्या ताटात ओवाळणी घालावी. आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर नेताना पैसे दोघींच्या हातात वेगवेगळे दे. पाळण्यात बसायला पैसे एकत्र करायचे की नाही, हे त्यांचं त्यांना ठरवू दे.

खोलीचं भाडं ठरवण्याआधी नळ घरात आहे की सामायिक, आणि पाणी कोणत्या वेळी येतं, हे मालकाला विचारून मला कळव. पहाटे दोनला येत असेल तर दुसरी खोली बघू. ड्रम मी इथे घेऊन ठेवते, तू फक्त जन्मदाखले आणि साड्या विसरू नकोस.

तुझीच,
मैत्रीण