आमच्या सरांना 'आण्णा' म्हणणाऱ्या मावशींना

मावशी,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण सरांचे विद्यार्थी गावोगाव आहेत आणि त्यांच्या सरांना कुणी सांभाळलं हे त्यांनाही कळायला हवं.

आमचे वडील सांगलीत गणिताचे मास्तर. घरात आईसुद्धा त्यांना 'सर'च म्हणायची. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. माणसं भेटायला यायची, पाया पडायची, डोळे पुसायची. त्यातली बरीच पुन्हा फिरकली नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. फळ्यासमोरच्या सरांवर त्यांचा जीव होता, पलंगावरचे सर त्यांना बघवत नव्हते.

तुम्हाला सर कोण हे ठाऊकच नव्हतं. आल्या आल्या म्हणालात, "आण्णा, कुशीवर होऊया का?" दर दोन तासांनी कूस बदलायची, भरवल्यावर अर्धा तास बसवूनच ठेवायचं, हे तुम्ही कधी चुकवलं नाहीत. पाठीला एक जखम झाली नाही. पगाराचं काम होतं, खरंय. पण त्यांची आखडलेली मूठ तुम्ही जशी उघडायचात, तिचा पगार कुठला? बोटं ओढायची नाहीत. आधी मनगट हळूच आतल्या बाजूला वाकवायचं, मग बोटं आपसूक सैल पडतात. तळव्यातला घाम पुसायचा, नखं कापायची आणि सबंध वेळ त्यांच्याशी बोलत राहायचं, जणू ते उत्तर देतायत.

आणि मग ती दुपार. तुमची नात कोपऱ्यात बसून तेराचा पाढा म्हणत होती. "तेर सक अठ्ठ्याहत्तर" म्हणून अडकली आणि पलंगावरून आवाज आला, "तेर साती एक्याण्णव." पाणीसुद्धा मागता न येणारा माणूस एकशेतीसपर्यंत जाऊन थांबला! डॉक्टरांनी नंतर समजावलं, की असं पाठ झालेलं, पाढे, वार, श्लोक, बऱ्याचदा शाबूत राहतं. पण तुम्ही कपाळाला हात लावून म्हणालात, "अवो ताई, आण्णा केवढे हुश्शार!" माया तुम्ही आधीच लावली होती, थोरवी तुम्हाला त्या दिवशी दिसली. बाकी सगळ्यांचं सरांशी नातं याच्या बरोबर उलट्या क्रमाने जुळलेलं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पाढे सुरू झाले. तुम्ही "बे एके बे" म्हणायचं, पुढचं सरांनी.

मला त्या काळात जोतीराव आणि सावित्रीबाई फार आठवायचे. 11 मे 1888 ला मुंबईत लोकांनी जोतीरावांना 'महात्मा' म्हटलं आणि त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली. शेवटचा ग्रंथ त्यांनी डाव्या हाताने लिहिला. सभेतला गौरव मेमधला. त्यापुढचं, 28 नोव्हेंबर 1890 पर्यंतचं रोजचं आजारपण सावित्रीबाईंच्या घरातलं. अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे प्रेतापुढे धरायचं मडकं, धरायलाही त्याच पुढे झाल्या. आदर त्यांना कुणाहून कमी नव्हता, पण तो उशापायथ्याशी बसणारा आदर होता.

तसा एक माणूस सरांनाही लाभला, हे इथे सांगायलाच हवं. दर गुरुवारी दाढी करायला येणारा त्यांचा जुना विद्यार्थी. पहिल्यांदा त्याचा हात थरथरत होता. सरांच्या गालाला हात लावायचा कसा? तुम्ही त्याच्या हातात ब्रश दिलात नि म्हणालात, "लावा फेस, काय करत नाहीत आण्णा." तो अजून येतो.

आई आता स्वतः ती मूठ उघडते, तुम्ही शिकवलीत तशी. परवा तिने सरांना दटावलं, "तोंड उघडा, नखरे नकोत!" सर हसले. इतक्या वर्षांच्या संसारात या दोघांना असं पाहिलं नव्हतं, मावशी. हे तुमच्यामुळे झालं. त्याबद्दल मनापासून आभार.

लेकीचं बाळंतपण उरकलं की नातीला घेऊन या. तिची वार्षिक परीक्षा जवळ आलीय आणि एकोणतीसचा पाढा सरांइतका घोटून घेणारं दुसरं कुणी नाही.

तुमची,
सरांची धाकटी