मातीच्या रंगाचे घर घेताना

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या सांता फेच्या जुन्या भागातील ज्या कॉन्डोची, म्हणजे सोसायटीतल्या सदनिकेची, छायाचित्रे तू पाठवलीस, ती तुझ्या आईने व मी तीनतीनदा पाहिली. गोलसर कोपऱ्यांच्या मातकट भिंती, भिंतीबाहेर डोकावणाऱ्या लाकडी तुळया, कोपऱ्यातील घुमटीसारखी शेकोटी आणि पायी दहा मिनिटांवर प्लाझा, म्हणजे गावाचा मुख्य चौक. हे पाहून तू भुललीस यात नवल नाही. मला तर बार्शीकडच्या आपल्या माळवदाच्या घराचीच आठवण झाली, आणि सपाट छताखाली पातेली मांडून पावसाच्या रात्री काढलेल्या असल्यामुळे हे पत्र लिहिणे मला भाग आहे.

ती भिंत खरोखर मातीच्या विटांची, म्हणजे अडोबीची आहे की लाकडी सांगाड्यावर मातकट गिलावा केलेला आहे, हे आधी पाहा. १९५७ साली झालेल्या वारसा नियमामुळे तेथील जुन्या भागात नव्या बांधकामालाही तेच रूप घ्यावे लागते, त्यामुळे नुसत्या रूपावरून इमारतीचे वय कळत नाही. खिडकीपाशी भिंतीची जाडी मोज. सांगाडा निघाला तरी बिघडत नाही, फक्त अडोबीचे मोल देऊ नकोस. उलट अडोबीवर सिमेंटचा गिलावा असेल तर अधिक सावध राहा, कारण तड्यांतून शिरलेले पाणी त्यातून बाहेर पडू शकत नाही आणि आतली माती गुपचूप भुसभुशीत होते. तेथील जुन्या सान मिगेल चॅपेलवरचे सिमेंट म्हणूनच काढून पुन्हा मातीचा गिलावा करावा लागला.

त्याहून मोठी गोष्ट छताची. तिकडे ज्यांना ‘कनालेस’ म्हणतात ती आपली पन्हळेच. ती बर्फाने वा पाल्याने तुंबली की पाणी कठड्याआड साचते. मृगापूर्वी तुझे आजोबा स्वतः माळवदावर चढून पांढरी माती पसरीत. तुझ्या बाबतीत ते काम सोसायटीचे आहे, म्हणजे प्रश्न तिच्या तिजोरीचा आहे. छत शेवटचे कधी केले, राखीव निधी किती आहे आणि सभांच्या इतिवृत्तांत गळतीचा उल्लेख किती वेळा येतो, हे विचार. निधी अपुरा असेल, तर दरमहाची वर्गणी कमी असणे ही सवलत नव्हे. एके दिवशी सर्वांवर मिळून मोठी जादा आकारणी होते आणि ती नव्या मालकालाही चुकत नाही.

सध्याच्या मालकाची कराची पावती पाहून हिशेब मांडू नकोस. न्यू मेक्सिकोत राहत्या घराचे करपात्र मूल्य वर्षाला ३ टक्क्यांहून अधिक वाढवत नाहीत, पण घर विकले गेले की ते पुन्हा बाजारभावाने ठरते. खिडक्या बदलण्याचा तुझा बेतही सोसायटीची आणि नगराच्या वारसा मंडळाची, अशा दोन्ही परवानग्या मिळेपर्यंत खर्चात धरू नकोस.

‘सगळे पायीच होते, गाडी लागत नाही’ असे तू लिहिलेस. कॅन्यन रोडवर चित्रे पुष्कळ मिळतात. दूध आणि कोथिंबीर कुठे मिळते? सुमारे ७,००० फुटांवरच्या त्या गावात सावलीतल्या गल्लीत बर्फ दिवसेंदिवस टिकतो, तेव्हा एकदा भरली पिशवी हातात घेऊन त्या चढावरून घरापर्यंत चालून पाहा.

तपासणीची मुदत संपण्यापूर्वी छताचा अहवाल आणि गेल्या तीन वर्षांची इतिवृत्ते मला पाठव. इंग्रजी कायदेशीर असली तरी मी वाचीन; निवृत्त ऑडिटरला दुसरे काय काम असते?

तुझा,
बाबा