कूलर बंद करणाऱ्या भाऊंना

भाऊ, जय गुरुदेव.

तुमचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या गिटारवाल्या पोरांची तुमच्या दारात रांग लागेल आणि ऐन लग्नसराईत तुम्ही मलाच शिव्या द्याल. तुम्ही वाचलं की तुम्हाला कळेल, तेवढं पुरे.

मे महिन्यातली ती दुपार. पारा ४४ वर. यवतमाळच्या स्टँडवर एसटीतून उतरून तुमच्याकडे पोचेपर्यंत गिटारच्या बॅगचं रेक्झिन हाताला चटके देत होतं. मी विचारलं, "भाऊ, घरी गिटार रेकॉर्ड करायला स्वस्तातलं कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" हाच प्रश्न त्याआधी तिघांना विचारून झाला होता आणि तिघांनीही उत्तर ताबडतोब दिलं होतं. तुम्ही दिलं नाही. तुम्ही उठलात, खिडकीतल्या कूलरचं बटण बंद केलं आणि म्हणालात, "वाजव बरं आधी. आयकू दे."

विदर्भाबाहेरच्या वाचकाला यात विशेष काय ते कळणार नाही. मे महिन्यात आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी आणि मग कूलरसमोरची खुर्ची. चालू कूलरला हात लावला तर सख्ख्या भावाभावात भांडण होते. तुम्ही तो वीस मिनिटं बंद ठेवला. कानशिलावरून घामाची धार मानेत उतरत होती, ती पुसलीही नाही, कारण तुमचं लक्ष माझ्या उजव्या हाताकडे होतं. मी दोनदा चुकलो, दोन्ही वेळा पहिल्यापासून सुरू केलं. तुमच्याकडचा मंडपवाला पोरगा दारातून डोकावून म्हणाला, "लाइट गेली काय भाऊ?" तुम्ही नुसता हात हलवला.

आता त्या तिघांचं. पहिला नागपूरचा दुकानदार. त्यानं पंधराशे रुपये घेऊन पेन ड्राइव्हवरून चोरीचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. "अँटिव्हायरस बंद ठेवजो" असंही सांगितलं आणि मी शहाण्यासारखा बंद ठेवला. आठ दिवसांत लॅपटॉप बसला, त्यातल्या बाबांच्या पीक विम्याच्या फायली गेल्या. दुसरा आमच्याच गावचा, आता पुण्यात. तो फोनवर म्हणाला, "गॅरेजबँड वापर ना, फुकट आहे." फुकट खरंच आहे, पण ते चालतं फक्त ॲपलच्या मशीनवर, आणि त्या मशीनपायी आमचा त्या वर्षीचा कापूस विकावा लागला असता. तिसऱ्यानं महिन्याच्या महिन्याला पैसे भरायचं सॉफ्टवेअर सुचवलं. आमच्या घरात पैसा महिन्याला येत नाही भाऊ, हंगामाला येतो.

मी कृषी केंद्रात काउंटरवर असतो. कपाशीचं वाण विचारायला माणूस आला की आधी त्याला विचारावं लागतं, जमीन भारी की हलकी, ओलीत आहे की कोरडवाहू. न विचारता थैली काढून देणारा दुकानदार मी पाहिला आहे. (गर्दीच्या दिवसांत मी स्वतःही तसा वागलो आहे, ते इथे कबूल करतो.) तुम्ही आधी माझी जमीन पाहिली. गिटार म्हणजे पिकअप (तारांचा आवाज वायरीत घेणारा तुकडा) असलेला बॉक्स गिटार, लॅपटॉप जुना, रॅम ४ जीबी, खोली टिनाच्या छपराची. मग म्हणालात, "तुले रीपर पायजे. बाकी तुया लॅपटॉपले झेपत नाही."

ते सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला जेमतेम पंधरा-वीस एमबी लागले, गावातल्या नेटवरही चहा होईस्तोवर आलं. ज्या जस्टिन फ्रँकेलनं कंप्युटरवर गाणी वाजवायचं विनॅम्प बनवलं त्याचंच हे काम, हे ऐकून मला कॅफेत तासाचे पैसे मोजून गाणी ऐकायचे दिवस आठवले. रेकॉर्डिंगचंच ऑडॅसिटी फुकट असताना हे कशाला, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, नुसतं रेकॉर्ड करून कापायचं असेल तर ऑडॅसिटी झकास, पण वाजवता वाजवताच गिटारवर ॲम्पचा आवाज चढवून ऐकायचा असेल तर ते तिथं जमत नाही. रीपरचे ६० दिवस फुकट, एकही बटण कुलूपबंद नाही. त्यानंतरही ते उघडतं, फक्त दर वेळी पैशाची आठवण करून देतं. "पण पैसे भर बरं. माणसानं विश्वास ठेवला आपल्यावर," हे तुम्ही दोनदा सांगितलं.

सवलतीचं लायसन्स ६० डॉलरचं, आपले पाच हजार नि वर काही. धंद्यासाठी वापरलं तरी वर्षाची कमाई २०,००० डॉलरच्या आत असली की ते चालतं. भाऊ, त्या अटीत आमच्या गावातलं घर न् घर बसेल! जुलैत माझ्या कार्डावरून परदेशात पैसे जाईनात तेव्हा तुम्ही तुमच्या कार्डावरून भरले आणि माझ्याकडून दोन हप्त्यांत घेतले. लोकांना वाटेल, हे पत्र त्यासाठीच. त्याचेही आभार आहेतच. पण मी रात्री पडल्या पडल्या आठवतो तो कूलरच.

आणखी एक. तार छेडली की हेडफोनमध्ये आवाज उशिरा येतो, हे मी नागपूरच्या दुकानात सांगितलं तर ते हसले होते. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, आवाज एका मिलिसेकंदात साधारण एक फूट चालतो. लॅपटॉप आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतो (हा सॅम्पल रेट) आणि थोडे थोडे साठवून पुढे पाठवतो (तो साठा म्हणजे बफर); बफर १०२४ नमुन्यांचा ठेवला की २३ मिलिसेकंद त्या बफरमध्येच गेले, म्हणजे गाणारा इथं आणि खंजिरीवाला तेवीस फुटांवर मंडपाच्या त्या टोकाला. १२८ वर आणला की तो तीन फुटांवर, मांडीला मांडी लावून बसतो. ज्यानं बालपणापासून राष्ट्रसंतांच्या भजनात खंजिरी ऐकली त्याला याहून वेगळं काय समजावायचं?

आणि रेकॉर्डिंगमधली ती गुणगुण, जिच्यापायी मी केबल बदलून थकलो होतो, ती तुम्ही चार्जर उपटून घालवली. गावात अर्थिंगचा पत्ता नसतो, तर बॅटरीवर रेकॉर्ड कर, एवढंच म्हणालात. तेव्हापासून मी लोडशेडिंगची वाट पाहणारा तालुक्यातला एकमेव माणूस झालो आहे. लाइट गेली की पंखा बंद, पिठाची चक्की बंद, समोरच्यांचा टीव्ही बंद. गिटार लॅपटॉपला जोडणारी डबी, म्हणजे इंटरफेस, लॅपटॉपवरच चालतो, त्याला लाइट लागत नाही. आई म्हणते, पोरगं अंधारात दार लावून काय करते कोणास ठाऊक.

मागच्या आठवड्यात बाबांना बसवलं. ते चाळीस वर्षं भजनात गातात, पण स्वतःचा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. आधी ते लाजले, मग माझ्या गिटारला कोपरखळी मारून म्हणाले, "हे टुणटुण हळू वाजव." दोन कडवी झाली. तिसरं संपता संपता पंखा फिरू लागला आणि बाबा गाणं सोडून एकदम म्हणाले, "आली रे लाइट."

ते मी कापलेलं नाही. सीडी घेऊन रविवारी येतो, घरी राहा.

तुमचा,
टुणटुणवाला