सिगारेट सोडावी कशी, हेही छापावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धूम्रपानाच्या दुष्परिणामांविषयी वृत्तपत्रांतून वर्षानुवर्षे छापून येते आणि ते योग्यच आहे. परंतु जो माणूस रोज वीस सिगारेटी ओढतो, त्याला त्या वाईट आहेत हे नव्याने सांगण्याची गरज राहिलेली नसते. उद्या सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट न ओढता दहा वाजेपर्यंतचा वेळ काढायचा कसा, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. मी बावीस वर्षे सिगारेट ओढली, तीनदा सोडली, तीनदा पुन्हा धरली आणि चौथ्या खेपेस ती सुटली, त्याला आता सहा वर्षे झाली. आधीच्या प्रत्येक वेळी मला ‘मन घट्ट कर’ हा एकच सल्ला मिळाला होता. मन घट्ट असावेच लागते. पण औषधाचा किंवा समुपदेशनाचा कोणताही आधार न घेता केलेल्या शंभर प्रयत्नांपैकी जेमतेम तीन ते पाचच प्रयत्न सहा महिने वा वर्षभर टिकतात, हे ठाऊक असूनही केवळ निग्रहाचा उपदेश करणे मला अन्यायाचे वाटते.

तलफ म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. झुरका घेतल्यापासून दहा ते वीस सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचते आणि रक्तातील त्याचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. ओढणाऱ्याला जो आराम वाटतो, तो बराचसा या घसरणीतून आलेली बेचैनी मिटल्याचा असतो; म्हणजे सिगारेटनेच लावलेली अस्वस्थता सिगारेट दूर करते आणि आपण मात्र ताणावरचे औषध सापडले असे समजत राहतो. सोडल्यावर चिडचिड होते, झोप मोडते, सारखी भूक लागते, कामात लक्ष लागत नाही, पोट साफ होत नाही आणि कधी कधी कारण नसताना डोळे भरून येतात. या त्रासाचा जोर पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो आणि दोन ते चार आठवड्यांत तो बहुतांशी ओसरतो. हे मला आधी कोणी सांगितले असते, तर दुसऱ्या प्रयत्नाच्या तिसऱ्या दिवशी ‘आयुष्यभर असेच वाटणार असेल तर नको ते सोडणे’ असे म्हणून मी पाकीट फोडले नसते. तो चढाचा शेवटचा दिवस होता, आणि मी नेमका तिथून परत फिरलो.

चौथ्या खेपेस मी तलफ घड्याळ लावून मोजली. खिशात, जिथे पाकीट असायचे तिथेच, एक छोटी वही ठेवली. तलफ आली की वेळ टिपायची आणि गेली की पुन्हा टिपायची. पहिल्या दिवशी सतरा नोंदी झाल्या. सर्वांत लांबलेली तलफ नऊ मिनिटांची होती, बाकीच्या बहुतेक तीन ते पाच मिनिटांत विरल्या. सिगारेट न ओढताही तलफ जाते, हे बावीस वर्षांत मी एकदाही पाहिले नव्हते, कारण ती जाण्याइतका वेळ मी तिला कधी दिलाच नव्हता. ती काही मिनिटे तिच्याशी झगडत एकाच जागी बसून राहणे सर्वांत अवघड जाते. मी उठून जिन्याने दोन मजले चढून उतरत असे. थोडे झपाट्याने चालल्यानेही तलफेची धार लगेच कमी होते, हे अभ्यासांतून दिसले आहे. पेलाभर पाणी सावकाश पिणे आणि दीर्घ श्वास घेऊन तो हळूहळू सोडणे यांचाही उपयोग होतो, विशेषतः श्वासाचा, कारण झुरका हा शेवटी एक लांब श्वासच असतो.

तलफ ठरावीक प्रसंगांना चिकटलेली असते. जेवण झाले, फोन वाजला, कोणी मनाला लागेल असे बोलले, की माझा हात आपोआप खिशाकडे जाई आणि वहीला लागून थबके. म्हणून सोडण्याचा दिवस आधी ठरवून त्याच्या आदल्या रात्री घरातील उरलीसुरली पाकिटे, काडेपेट्या, लायटर आणि राखपात्र बाहेर काढावीत आणि पहिले काही आठवडे ओढणाऱ्या मित्रांच्या घोळक्यात उभे राहणे टाळावे. चहा-कॉफीबद्दल सहसा कोणी बोलत नाही. धुरातील घटकांमुळे ओढणाऱ्याचे यकृत कॅफीन झपाट्याने निकालात काढत असते. धूर थांबला की तो वेग मंदावतो आणि तेवढ्याच कपांतले कॅफीन रक्तात जवळपास दुप्पट साचू शकते. त्यातून होणारी धडधड आणि उडणारी झोप यांना आपण तलफ समजून बसतो. दम्याच्या आणि मानसिक आजारांच्या काही औषधांचेही असेच होते, त्यामुळे नियमित औषधे घेणाऱ्याने सिगारेट सोडत असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

‘सिगारेट सोडून निकोटिनच घ्यायचे तर फरक काय,’ असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. व्यसन निकोटिनचे लागते, पण कर्करोग आणि फुफ्फुसांचे विकार होतात ते मुख्यतः धुरातील डांबर आणि इतर विषारी रसायनांमुळे. च्युइंगम किंवा त्वचेवर लावायच्या पट्टीतून निकोटिन मंद गतीने मिळते, धूर अजिबात मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने हे निकोटिन उपचार 2009 सालीच अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले, 2021 मध्ये व्हॅरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन या गोळ्यांचा त्यात समावेश केला आणि 2024 मध्ये तंबाखू सोडवण्याच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. या दोन्ही गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायच्या असतात. फिट येणाऱ्याला बुप्रोपिऑन चालत नाही. गरोदर स्त्रियांनी आणि नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी निकोटिनचे च्युइंगमही विचारल्याशिवाय घेऊ नये.

च्युइंगम कसे वापरायचे, हे मात्र ते हातात देणाराही क्वचितच सांगतो. तिसऱ्या प्रयत्नात मी ते नेहमीच्या च्युइंगमसारखे भराभर चघळले, निकोटिन लाळेबरोबर पोटात गेले, उचक्या लागल्या, मळमळू लागले आणि ‘हे आपल्याला सोसत नाही’ म्हणून मी ते फेकून दिले. खरे पाहता ते सावकाश चावायचे, तोंडात चुणचुण जाणवली की थांबून गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचे, चुणचुण मावळली की पुन्हा दोन-चारदा चावायचे, असे अर्धा तास चालू ठेवायचे असते. निकोटिन तोंडाच्या आतल्या अस्तरातून शोषले जाते, म्हणून च्युइंगम घेण्याआधी पंधरा मिनिटे आणि ते तोंडात असताना पाण्याखेरीज काही पिऊ नये. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागणाऱ्याने 4 मिलिग्रॅमचे आणि इतरांनी 2 मिलिग्रॅमचे घ्यावे, असा सर्वसाधारण नियम आहे. दिवसभराच्या आधारासाठी पट्टी आणि अचानक उसळणाऱ्या तलफेसाठी च्युइंगम, अशी जोडी एकट्या पट्टीपेक्षा किंवा एकट्या च्युइंगमपेक्षा अधिक लागू पडते. बरेचजण बरे वाटताच दोन आठवड्यांत हे बंद करतात आणि तिथेच फसतात. उपचार साधारण आठ ते बारा आठवडे चालवावा लागतो.

‘हळूहळू कमी करीन’ म्हणणाऱ्यांना मी दोष देणार नाही, कारण मीही तेच म्हणत होतो. तरीही 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका चाचणीत ठरलेल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांपैकी सहा महिन्यांनी 22 टक्के लोक सिगारेटपासून दूर होते, तर दोन आठवडे कमी करत जाऊन सोडणाऱ्यांत हे प्रमाण 15.5 टक्के होते. आणि ‘आता दिवसाला एकच’ यावर समाधान मानणेही धोक्याचे आहे, कारण वीस सिगारेटींमुळे हृदयविकाराचा जो जादा धोका संभवतो, त्यातला जवळपास निम्मा दिवसाला एक ओढणाऱ्यालाही असतो.

चुकून एखादी ओढली गेली, तर ‘झाले, मोडलेच’ म्हणून पूर्ण पाकिटाकडे वळू नये. ती कोठे आणि कोणाच्या सोबतीत ओढली हे टिपून त्याच क्षणापासून पुढे चालावे. सोडलेल्यांचे वजन पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढते, हेही लपवू नये. सिगारेटच्या हानीपुढे ते किरकोळ आहे. घरच्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की पहिल्या आठवड्यातली चिडचिड मनावर घेऊ नये आणि ‘त्यापेक्षा ओढ बाबा एकदाची’ हे वाक्य चुकूनही उच्चारू नये. माझ्या घरी ते एकदा प्रेमापोटीच उच्चारले गेले आणि मी ते लगेच ऐकले.

‘आता या वयात सोडून काय उपयोग,’ असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी एक दाखला देतो. ब्रिटिश डॉक्टरांच्या धूम्रपानाचा अभ्यास 1951 मध्ये सुरू झाला आणि पन्नास वर्षे चालला. आयुष्यभर ओढणाऱ्यांचे सरासरी दहा वर्षांचे आयुष्य कमी होते, तिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला ती जवळपास सगळी परत मिळतात, चाळिसाव्या वर्षी नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यालाही सुमारे तीन वर्षे मिळतात, असे त्यातून दिसून आले.

संपादक महोदय, काळवंडलेल्या फुफ्फुसांचे छायाचित्र आपण अवश्य छापावे. पण त्याच पानावर तलफ किती मिनिटे टिकते, पहिले तीन दिवस कसे जातात आणि च्युइंगम गालात कसे धरायचे, यासाठीही एक चौकट राखावी, एवढीच विनंती.

आपला,
एक नियमित वाचक