शनिवारी पुन्हा एकदा ‘मास्टर अँड कमांडर’

सभासदांनो, येत्या शनिवारी संध्याकाळी ठीक ६ वाजता पीटर वीअरचा ‘मास्टर अँड कमांडर’ (२००३) हा ब्रिटिश युद्धनौकेवरचा चित्रपट लावतोय. “पाहिलाय की!” म्हणणाऱ्यांनी तर जरूर या. या खेपेला गोष्ट सोडा, कान उघडे ठेवा. सुरुवातीलाच धुक्यात क्षणभर काहीतरी लखलखतं आणि पाठोपाठ तोफगोळे आदळून लाकडाच्या ढलप्या उडतात. त्या काळी कितीतरी खलाशी या ढलप्यांनीच जायबंदी होत. आवाजासाठी खऱ्या तोफा डागून ध्वनिमुद्रण केलं होतं. ध्वनिसंपादनाचं ऑस्कर उगाच नाही मिळालं!

कथेत मात्र फेरफार आहे. मूळ कादंबरीत १८१२ च्या ब्रिटन-अमेरिका युद्धातलं अमेरिकी जहाज शत्रू, पडद्यावर ते १८०५ मधलं फ्रेंच जहाज. (कारण ओळखा.)

जाता जाता: चित्रपटातल्यासारखीच एक फ्रिगेट (शिडाची वेगवान युद्धनौका), ‘ट्रिंकोमाली’, १८१७ मध्ये आपल्या मुंबईच्या गोदीत सागवानात बांधली गेली. इंग्लंडात हार्टलपूलला ती आजही पाण्यावर आहे.

चित्रपट २ तास १८ मिनिटांचा, मध्यंतर नाही. मागच्या वेळी उशिरा आलेल्यांचा पहिला हल्लाच हुकला होता, म्हणून ६ नंतर दार उघडणार नाही. मोबाइल बंद ठेवा. चहा शेवटी.