फायरवॉल बसली, नियम कोण बघणार?

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

मी भुसावळचा. जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतल्या पतसंस्था, जिनिंग, केळीचे व्यापारी आणि अधूनमधून सरकारी कचेऱ्या यांच्या कॉम्प्युटरचं नेटवर्क जोडणं, दुरुस्त करणं हा माझा धंदा. फायरवॉलच्या (नेटवर्कच्या वेशीवर येणारं-जाणारं तपासणाऱ्या यंत्राच्या) खरेदीबद्दल माझी तक्रार नाही. खरेदीनंतर तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, ही आहे.

एका कार्यालयात (तालुका मुद्दाम लिहीत नाही) फायरवॉल रॅकमध्ये झोकात बसलेली, दिवे लुकलुकतायत. लॉगिन केलं तर पहिलाच नियम: कुठूनही, कुठेही, सगळं चालू. बसवणाऱ्याला त्या दिवशी इंटरनेट चालवून दाखवून बिल काढायचं होतं, दुसरं काय! अशी फायरवॉल नियम वरून खाली वाचते आणि पहिला जुळला की पुढचे बघतच नाही. म्हणजे खालचे सगळे नियम शोभेचे.

खरी रीत उलटी. आधी सगळं बंद, मग ज्याला जेवढं लागेल तेवढंच उघडायचं. यानं कामं अडतात ही भीती फुकटची आहे. आतून गेलेल्या प्रत्येक मागणीची नोंद फायरवॉल ठेवते, तिचं उत्तर आत घेते आणि न मागता आलेलं बाहेरच अडवते. पण सॉफ्टवेअरवाल्याला घरबसल्या दुरुस्ती करता यावी म्हणून रिमोट डेस्कटॉपचा (दुरून कॉम्प्युटर चालवायची सोय) ३३८९ पोर्ट, म्हणजे नेटवर्कचा त्या क्रमांकाचा दरवाजा, साऱ्या जगाला उघडा ठेवलेला मी वारंवार बघतो. रॅन्समवेअरवाले (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे) असेच पोर्ट रात्रंदिवस चाचपत असतात. त्या दुरुस्तीसाठी व्हीपीएन, म्हणजे ओळख पटवून आत येण्याची सुरक्षित खासगी वाट, आहे.

आतली गत तर आणखी वाईट. सीसीटीव्हीचा डीव्हीआर, पाहुण्यांचं वायफाय आणि कर्जखात्यांचा सर्व्हर एकाच स्विचवर (यंत्रं एकमेकांना जोडणारा डबा). वाड्याच्या दिंडीदरवाज्यावर पहारा आणि आत एकाही खोलीला कडी नाही, तसं. मे २०१७ मध्ये वानाक्राय हा रॅन्समवेअर ४४५ पोर्टावरून एका मशीनमधून दुसऱ्यात शिरत गेला. एकाच स्विचवरची अशी ये-जा वेशीवरच्या फायरवॉलला दिसतसुद्धा नाही. नेटवर्कचे भाग पाडून मध्ये नियम लावले तरच ती अडते. (फोनवर कुणी आपणहून पासवर्ड सांगितला, तर मात्र कुठलीच फायरवॉल कामाची नाही.)

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ल्यासारखी घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची आणि लॉग (यंत्रांनी ठेवलेल्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे. हे सरकारी संस्थांनाही लागू आहे. पण बऱ्याच लहान फायरवॉलमध्ये डिस्कच नसते. लॉग मेमरीत राहतो आणि वीज गेली की पुसला जातो. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज किती वेळा जाते, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

म्हणून मागणी साधी आहे. टेंडरमध्ये फायरवॉलच्या डब्याच्या किमतीसोबत दर तीन महिन्यांनी नियमांची तपासणी, फर्मवेअर (डब्यातलं सॉफ्टवेअर) अपडेट आणि लायसनचं नूतनीकरण धरा. प्रत्येक जिल्ह्याला लॉग साठवणारा एक सर्व्हर आणि ते वाचणारी दोन माणसं द्या. धडगाव-अक्कलकुव्याला दरवेळी माणूस धाडायची गरज नाही, नंदुरबारला बसून व्हीपीएनवरून नियम तपासता येतात.

सुरुवात विनाखर्चाची आहे. प्रत्येक कार्यालयाकडून त्याच्या फायरवॉलचे चालू नियम मागवा. आणि पासवर्डच माहीत नसल्यामुळे ज्यांना ते काढता येत नाहीत, त्या कार्यालयांची यादीही सोबत मागवा.

आपला,
नेटवर्क दुरुस्ती करणारा एक खान्देशी